मागीलदारचा शिंजीर

जास्वंदीवर भिरभिरणारा इवलासा पक्षी दाखवून 'हमिंगबर्ड आलाय' म्हणणारे चिपळुणात बरेच भेटतात. पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांपलीकडे कुठेच नाही. आपला तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. क्षणभर तोही हवेत तरंगतो, पण खरा भरवसा पायांवर. देठ पकडायचा, प्रसंगी उलटं लटकायचं आणि मध प्यायचा. मोठ्या जास्वंदीत तर समोरून शिरतच नाही. बुडाशी चोचीने भोक पाडून परस्पर मध लांबवतो. परागीभवनाच्या नावाने शून्य!

ओळखायला नराच्या रंगावर विसंबू नये. जांभळा शिंजीर सावलीत कोळशासारखा काळा, उन्हात आला की निळाजांभळा झळकतो. वीण आटोपली की तेही जातं. मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ तेवढी उरते. मी म्हणेन, आधी मादी बघा. गळा राखी-पांढरा आणि छाती पिवळी असेल तर ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची. गळ्यापासूनच फिकट पिवळी असेल तर जांभळ्याची. चोच जरा जास्तच लांब आणि बाकदार दिसली तर लोटेनचा शिंजीर आहे का, ते पाहावं.

घरटं बांधते एकटी मादी, पुष्कळदा कपडे वाळत घालायच्या दोरीला किंवा एखाद्या जुन्या वायरीला. कोळ्याचं जाळं चोचीत गुंडाळून आणते आणि त्यानेच गवत, धागे चिकटवत लांबट पिशवी लोंबती ठेवते. बाहेरून सालपटं, वाळकी पानं, सुरवंटाच्या लेंड्या. बघणाऱ्याला वाटावं, कचराच लटकलाय. दाराला वर चक्क पडवी! आत बहुधा दोन अंडी.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगायची हौस इथे कशाला? जास्वंद, हमेलिया, केळ एवढं परसात असलं की पुरे. कलमांवरचं बांडगूळ बागायतदार काढणारच, त्याचं बरोबर आहे. पण कडेच्या रायवळावर एखादं राहू द्यावं, त्याच्या नळीदार फुलांवर शिंजीर हमखास येतो. शिवाय पिल्लं नुसत्या मधावर वाढत नाहीत, त्यांना कोळी-किडे लागतात. म्हणून फुलझाडांवर औषध मारू नका, आणि जळमटं काढताना मागच्या पडवीचा एक कोपरा तेवढा सोडा.