चौथे कार्य: व्यक्तिमत्त्वाची मागे राहिलेली बाजू

ऑक्टोबर १९५९ मध्ये प्रसारित झालेल्या बीबीसीच्या ‘फेस टू फेस’ कार्यक्रमात जॉन फ्रीमन यांनी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव युंग यांना विचारले, की तुम्ही स्वतः कोणत्या मानसशास्त्रीय प्रकारात मोडता? युंग तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. प्रकार ही काही स्थिर गोष्ट नव्हे, आयुष्यात तो बदलत जातो, असे सांगून ते म्हणाले, की लहानपणापासून आपला ओढा विचाराकडे होता, अंतःस्फूर्तीही भरपूर होती. भावनेच्या बाबतीत मात्र अडचण होती आणि वास्तवाशी आपले फारसे जुळत नसे. आपला प्रकार सांगताना त्यांनी आपल्या उण्या बाजूही त्याच दमात सांगितल्या. चाचणी देऊन ‘मी अमुक प्रकारचा’ म्हणणारे आपण हा उत्तरार्ध सहसा विसरतो. माझ्या मते युंगच्या सिद्धान्तातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

चार कार्ये

या सिद्धान्ताचा उगम एका भांडणात आहे. मनोविकारांवर उपचार करणारे फ्रॉइड आणि ॲडलर एकाच प्रकारच्या रुग्णांकडे पाहून अगदी वेगळी कारणे सांगत होते, आणि दोघांचेही पटण्यासारखे होते. १९१३ मध्ये युंग स्वतः फ्रॉइडपासून दूर झाले. ही माणसे इतकी वेगळी का पाहतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. फ्रॉइडची नजर माणसाच्या बाहेरच्या व्यक्तींशी असलेल्या नात्यावर होती, ॲडलरची माणसाच्या स्वतःच्या वर्चस्वाच्या धडपडीवर. यातून बहिर्मुख आणि अंतर्मुख या दोन वृत्ती पुढे आल्या. १९२१ मध्ये ‘मानसशास्त्रीय प्रकार’ हा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात चार कार्यांची, म्हणजे मनाच्या काम करण्याच्या चार पद्धतींची, भर पडली होती: विचार, भावना, संवेदन आणि अंतःस्फूर्ती.

गावाकडचे वडिलोपार्जित घर विकायचे की नाही, हे ठरवायला चार भावंडे जमली आहेत असे समजा. एकाला भिंतीतली ओल आणि वाशांना लागलेली वाळवी आधी दिसते, हे संवेदन. दुसरी कागदपत्रे मागते, कोणाचा किती हिस्सा ते मांडते, हा विचार. तिसऱ्याच्या मनात या घराचे आपल्याला मोल काय, कोणाचे मन दुखावेल, हे आधी येते, ही भावना. चौथी म्हणते, दहा वर्षांत इथून मोठा रस्ता जाणार, ही अंतःस्फूर्ती. इथे भावना म्हणजे रडू येणे किंवा संताप नव्हे. काय मोलाचे आणि काय नाही, याचा निवाडा करण्याची ती शक्ती आहे, म्हणून युंग तिला विचाराइतकीच विवेकी मानतात.

ही कार्ये जोडीजोडीने एकमेकांच्या आड येतात. खरे-खोटे तोलताना आवड-नावड बाजूला ठेवावी लागते, म्हणून विचार आणि भावना समोरासमोर उभ्या. काय होऊ शकेल याचा माग काढणाऱ्याचे समोर काय आहे याकडे दुर्लक्ष होते, म्हणून अंतःस्फूर्ती आणि संवेदन समोरासमोर. जे कार्य आपल्याला लहानपणापासून यश आणि शाबासकी मिळवून देते ते आपण रोज घासूनपुसून वापरतो. दोन कार्ये त्याच्या मदतीला येतात. त्याच्या नेमके विरुद्ध असलेले चौथे मात्र मागे राहते. या द्वंद्वांचा विचार करताना युंग यांनी त्याच ग्रंथात उपनिषदे आणि गीतेतल्या निर्द्वंद्व अवस्थेची चर्चा केली आहे, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावे.

चार अक्षरांची चाचणी

कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकी मायलेकींनी युंगच्या कल्पनांवरून, चार-चार अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे काम सुरू झाले. आज ती कंपन्यांच्या प्रशिक्षणात सर्रास दिसते. तिच्यावरचे आक्षेप रास्त आहेत. माणसांचे गुण अशा कप्प्यांत विभागलेले नसतात, बहुतेक जण मध्याच्या आसपास असतात. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचे एखादे अक्षर बदलते. विद्यापीठांतले मानसशास्त्र आज पाच घटकांचे मापन अधिक विश्वासार्ह मानते. चौथ्या कार्याची कल्पनाही प्रयोगशाळेत सिद्ध झालेली नाही, ती उपचारांच्या खोलीतल्या निरीक्षणांतून आली आहे. तिच्याकडे स्वतःला पाहण्याची एक पद्धत म्हणून पाहावे, त्याहून मोठा दावा करू नये.

मागे राहिलेले कसे वागते

या विषयावर सर्वांत नेमके बोलल्या त्या मारी-लुईस फॉन फ्रान्झ. युंगच्या या सहकारी महिलेची झुरिकमधली व्याख्याने १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांच्या मते अविकसित कार्याची पहिली खूण म्हणजे संथपणा. विचारी माणसाला ‘तुला काय वाटते?’ असे विचारले, तर तो मत सांगतो, भावना सांगायला त्याला दिवस लागतात. दुसरी खूण हळवेपणा: तिथे जरा बोट लावले तरी माणूस चवताळतो किंवा कोमेजतो. तिसरी, तिथे मधल्या छटा नसतात.

विचारप्रधान माणसाची भावना अशी असते: एकदा जीव लावला की लावला, एकदा मन उठले की कायमचे. वर्षानुवर्षे शांतपणे हिशेब तपासणारा अधिकारी निरोप समारंभात कोणी नाव घ्यायला विसरले म्हणून महिनाभर झुरतो, आणि आपण झुरतो आहोत हे कबूलही करत नाही. उलट, भावनाप्रधान व्यक्ती सगळ्यांचे मन राखते, घर तिच्यावर उभे असते. पण एकटी असताना तिच्या डोक्यात थंड, कडवट निष्कर्ष येतात: आपले जगणे फुकट आहे, कोणालाच आपली गरज नाही. हा तिचा न घडवलेला विचार असतो. अशी व्यक्ती एखादे तयार मतही अख्खे गिळते आणि त्यावर एक शब्द ऐकून घेत नाही.

संवेदनप्रधान माणूस व्यवहारात पक्का, वस्तूची पारख करणारा. त्याची अंतःस्फूर्ती मात्र काळी असते: मुलाचा फोन लागला नाही की अपघातच झाला, शेजारी हसला म्हणजे त्याच्या मनात काही तरी आहे. आणि नव्या कल्पनांमागे धावणाऱ्या अंतःस्फूर्त माणसाला भूक लागली आहे, पाठ दुखते आहे, वीजबिलाची तारीख उलटली आहे, हे कळतच नाही. मग शरीर एक दिवस आजारपणातून हिशेब मागते, किंवा तो एकदम पथ्यपाण्याच्या टोकाला जातो.

आपले कोणते?

काय छान जमते, या प्रश्नाने आपले चौथे कार्य सापडत नाही. आपल्याला सर्वांत जास्त त्रास कुठे होतो, पुन्हा पुन्हा ठेच कुठे लागते, हे विचारावे. थकवा, ताप, जागरण किंवा अपमानानंतर आपण जसे वागतो आणि नंतर ‘मी असा कसा वागलो’ म्हणतो, तिथे ते दिसते. आणखी एक जागा म्हणजे घर. आपले चौथे कार्य आपण बहुधा जोडीदाराकडे सोपवून मोकळे होतो. नातीगोती, भेटवस्तू, आजाऱ्याची चौकशी सगळी बायकोने पाहायची. किंवा बँक, विमा, कागद सगळे नवऱ्याने. ही वाटणी सोयीची आहे, म्हणूनच ती धोक्याची. जोडीतला एक जण गेला की दुसरा साठीनंतर अक्षरशः पोरका होतो. अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्या असहायतेला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

थेट चढाई चालत नाही

‘आता मी भावना विकसित करणार’ असे ठरवून विचारी माणूस पुस्तके आणतो, तक्ते करतो. म्हणजे पुन्हा विचारच करतो. युंग यांचे सांगणे असे, की प्रमुख कार्यावरून विरुद्ध कार्यावर उडी घेता येत नाही. मधल्या सहायक कार्यांच्या वाटेने जावे लागते. विचारी माणसाने आधी हातांनी काही करावे किंवा स्वप्नांकडे लक्ष द्यावे.

फॉन फ्रान्झ याहून पुढे जातात. चौथे कार्य प्रमुख कार्याच्या उंचीवर कधीच येत नाही. वरच्या कार्यांनाच खाली उतरावे लागते. युरोपातल्या लोककथांत म्हाताऱ्या राजाचे दोन मुलगे हुशार आणि तिसरा खुळा असतो, आणि राज्य वाचते ते त्या खुळ्याकडून. राजा म्हणजे थकलेले प्रमुख कार्य आणि खुळा म्हणजे उपेक्षित कार्य, असे त्या वाचतात. खुळ्याला शहाणा करून कथा पुढे जात नाही. तो खुळाच राहतो, आणि म्हणून जे इतरांना दिसत नाही ते त्याला दिसते.

युंगचे दगड

१९१३ नंतरच्या अस्वस्थ वर्षांत युंग रोज दुपारच्या जेवणानंतर सरोवराकाठचे दगड गोळा करून लहान मुलासारखे गाव रचत बसत. घरे, किल्ला, चर्च. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या डॉक्टरला हे ओशाळवाणे वाटत होते, आणि तरी त्यांनी ते सोडले नाही. १९२३ पासून त्यांनी बोलिंगेन इथे दगडी बुरूज बांधायला घेतला. तिथे वीज नव्हती. लाकडे फोडायची, पाणी उपसायचे, चूल पेटवून स्वयंपाक करायचा. वास्तवाशी ज्याचे जुळत नव्हते त्या माणसाने दगड फोडायला शिकून ते नाते बांधले, आणि त्याला अनेक वर्षे लागली.

सुरुवात

लहान जागा निवडावी, जिथे अपयशाने कोणाचे नुकसान होणार नाही आणि कोणी गुण देणार नाही. अंतःस्फूर्त माणसाने माती, बागकाम किंवा भाकरी थापणे घ्यावे आणि त्यात नवी कल्पना सुचली तरी हातातले पूर्ण करावे. विचारी माणसाने एखाद्या नातेवाइकाला काही काम नसताना फोन करावा. भावनाप्रधान व्यक्तीने स्वतःच्या आवडीचा एकच विषय घेऊन, कोणाला पटेल याची पर्वा न करता, पानभर मुद्देसूद लिहावे. संवेदनप्रधान माणसाने मनात आलेली भीती शेवटापर्यंत गोष्टीसारखी लिहून काढावी. ती कागदावर उतरली की तपासता येते. वेळ निवांत असावा, कारण घाईत प्रमुख कार्य लगेच लगाम हातात घेते. आणि मागे राहिलेली बाजू इतक्या जोराने उसळत असेल की झोप, नोकरी किंवा घरातली माणसे तिच्याखाली चिरडली जात आहेत, तर हे एकट्याने करू नये; समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठावा.