उशाशी टांगलेली अंबू

पूर्णगड म्हटलं की लोक किल्ल्याबद्दल विचारतात. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकाडावर तो बसलाय. एवढासा किल्ला, तटावरून एक फेरी मारली की संपला. संपादकांना मात्र किल्ला नको होता. "तिथली एक मुलगी रत्नागिरीत आयसीयूमध्ये सिस्टर आहे, तिच्याशी बोल," एवढंच त्यांनी सांगितलं. सिस्टर भेटल्या, बोलायला तयारही झाल्या, पण नाव छापायचं नाही आणि रुग्णालयाचंही सांगायचं नाही, या अटीवर. मेट्रनचा धाक होताच, शिवाय "गावात म्हणतील, पेपरात यायची हौस बघा". म्हणून इथे त्या नुसत्या सिस्टर.

आयसीयूत मला वाटलं होतं, त्या व्हेंटिलेटर दाखवतील. पडद्यावर तीन रंगांच्या लाटा, बाजूला आकडे, खाली इन्फ्युजन पंपांची रांग. नजर आपोआप तिकडेच जाते. सिस्टरांनी खाटेच्या उशाशी हुकाला टांगलेली एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. मोठ्या शहाळ्याएवढी, सिलिकॉनची, दुधट रंगाची. "नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी मी तिला व्हेंटिलेटर शिकवतच नाही. विचारते, अंबू कुठाय? शोधायला लागली तर म्हणते, गेला तुझा पेशंट."

अंबू बॅगेत शिकण्यासारखं आहे काय, असं वाटू शकतं. दाबली की हवा रुग्णाच्या फुप्फुसात जाते. सोडली की पिशवी आपणहून फुगते आणि मागच्या झडपेतून ताजी हवा आत घेते. रुग्णानं सोडलेला श्वास पुढच्या झडपेतून बाहेर पडतो, पिशवीत परत येत नाही. वीज नको, बॅटरी नको, सिलिंडर संपला तरी साध्या हवेवर चालते. मोठ्या माणसाला साधारण पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, तीही पुरती नाही, छाती उचललेली दिसेल इतकीच. घाबरलेली नवी मुलगी भराभर दाबत सुटते. मग छातीत हवा साठत जाते, रक्तदाब घसरतो आणि मदत करणाऱ्या हातानंच घात होतो. सिस्टर नव्या मुलीच्या हातावर हात ठेवून मोजायला लावतात. दर पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक अंबूचं तोंड तळव्यानं बंद करून दाबून बघायचं, हा त्यांचा दंडक. हवा कुठून निसटली तर ती पिशवी बाद.

ही पिशवी १९५६ साली डेन्मार्कमध्ये हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी बनवली. पण तिच्या आधीची गोष्ट मोठी आहे, कारण अतिदक्षता विभाग हा प्रकारच तिच्यातून निघाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्यांत दहातले आठाहून जास्त दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घालायला लावली आणि रबरी पिशवीनं हातानं श्वास द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग वैद्यकीच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अशा रुग्णांना एका जागी ठेवावं आणि जवळून कोणीतरी अखंड बघत राहावं, हे त्यातून सुचलं. आपल्याकडे मुंबईत डॉ. फारुख उदवाडिया यांच्यासारख्यांनी हे शास्त्र रुजवलं. इतिहास एवढा पुरे.

सिस्टरांशी बोलताना मला सारखं जाणवत होतं की त्या पडद्याकडे फार कमी बघतात. व्हेंटिलेटर ओरडला की आपली मान यंत्राकडे वळते. त्या आधी रुग्णाची छाती बघतात, दोन्ही बाजू सारख्या उचलतायत का. मग ओठांचा रंग. मग तळवा छातीवर. कफ साचला असेल तर खरखर हाताला लागते. घशातली नळी सरकली का, नळीत कफ अडकला का, फुप्फुसाबाहेर छातीत हवा भरली का, की यंत्रच बिघडलं, हे चार प्रश्न त्या क्रमानं मनात म्हणतात. उत्तर सापडेना तर यंत्र बाजूला करून रुग्णाला अंबूवर घ्यायचं. आणि मग हाताला कळतं. पिशवी दगडासारखी लागली तर वाट अडलीय. दाबताना काहीच विरोध जाणवला नाही तर कुठेतरी गळती आहे. यंत्र आकडा सांगतं. तो आकडा कशामुळे आला, ते बऱ्याचदा तळहात आधी सांगतो. सिस्टर हे इतक्या सहज सांगत होत्या की मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

कोकणातल्या आयसीयूला आपले खास रुग्ण आहेत. आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडलेले, पावसाळ्यात लेप्टोनं मूत्रपिंड बसलेले, आणि सर्पदंश. फुरसं तर या जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेलं. इंग्रजांच्या राज्यात रत्नागिरीत फुरशामागे इनाम लावलं होतं आणि लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली, तरी ती आहेतच. फुरसं आणि घोणस यांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखण्याची चाचणी सिस्टरांनी मला करून दाखवली, म्हणजे सामान काढून दाखवलं: काचेची नवी, स्वच्छ, कोरडी नळी आणि भिंतीवरचं घड्याळ. शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेली चालत नाही. दोन्हींत रक्त नीट गोठत नाही आणि नसलेलं विष दिसतं. "वीस मिनिटं नातेवाईक अंगावर येतात. म्हणतात, माणूस मरतोय नि तुम्ही घड्याळ बघताय?" प्रतिविषाच्या साधारण दहा कुप्या तासाभरात सलाइनमधून जातात. घोड्याच्या रक्तातून बनवलेलं औषध ते, काहींना अंगभर गांधी उठतात, दम लागतो. म्हणून ॲड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असतं. तो पूर्ण तास सिस्टर खाटेपासून हलत नाहीत.

मण्यारीचं वेगळंच. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, आवाज घोगरा होतो. मग श्वास. आंब्याच्या बागेत राखणीला असलेला एक नेपाळी गडी असाच आला होता. प्रतिविष दिलं, पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की त्या टोकांची डागडुजी होईपर्यंत थांबावं लागतं, दिवस जातात. तोपर्यंत व्हेंटिलेटर. हात हलत नव्हता, पापणी हलत नव्हती, बाहुल्या उजेडालाही दाद देत नव्हत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, संपलं. मेंदू मात्र लख्ख जागा. सिस्टर त्याच्याशी बोलायच्या: भैया, आता कूस बदलणार, आता तोंड साफ करणार, आता नळीतून कफ ओढणार, खोकला येईल. बाकीच्या वेळी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोघी जणी आपल्या गप्पाही मारायच्या. काही दिवसांनी बोटं हलली, मान उचलता आली, नळी निघाली. घसा बसलेला, तरी पहिला प्रश्न त्यानं विचारला: "दीदी, पगार आया क्या?"

त्या महिन्यात पगार लांबला होता. सगळं त्यानं ऐकलं होतं.

सिस्टरांच्या वॉर्डात तेव्हापासून खाटेजवळ खासगी बोलायला बंदी आहे. आणि नव्या मुलींना हा किस्सा सांगितला जातो, कारण 'बेशुद्ध दिसणाऱ्यालाही सांगून हात लावा' हे पुस्तकातलं वाक्य त्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर बारावीनंतर जीएनएमची तीन वर्षं, नाहीतर बी.एस्सी. नर्सिंगची चार. त्यात आयसीयूच्या वाट्याला काही आठवड्यांची पाळी. पुढे अतिदक्षतेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवीही आहे, पण रत्नागिरीसारख्या ठिकाणी आयसीयूत उभ्या राहणाऱ्या बहुतेक मुली खाटेजवळच शिकतात. नॉरॲड्रिनॅलिनची सिरिंज संपत आली की नवी भरून दुसऱ्या पंपावर आधी सुरू करायची, मग जुनी बंद, नाहीतर मधल्या मिनिटात रक्तदाब कोसळतो. धमनीतल्या रक्तदाबाचं यंत्र हृदयाच्या पातळीला धरायचं, खाट वर-खाली केली की पुन्हा जुळवायचं. सक्शन पंधरा सेकंदांच्या आत. दर दोन तासांनी कूस. तासाच्या लघवीचा आकडा खाली गेला तर डॉक्टरांना रात्री तीन वाजताही उठवायचं, आणि ते चिडले तरी पुन्हा उठवायचं. हे शेवटचं शिकायला सगळ्यात वेळ लागतो, असं सिस्टर म्हणाल्या.

आता अडचणींचं. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण. सिस्टरांकडे तीन असतात, कुणी रजेवर गेलं तर चार. वर सांगितलेला सर्पदंशाचा तास आठवा. तो चालू असताना बाकीच्यांना कोण बघतं? "मावशीला सांगते, लाल दिवा लागला की हाक मार." मावशी म्हणजे सफाई करणारी बाई.

रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, परिस्थिती बदलेल अशी आशा आहे. तरी मेंदूची शस्त्रक्रिया वगैरे निघाली की अजून कोल्हापूरची वाट धरावी लागते. हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट. एकदा रुग्णवाहिकेतला फिरता व्हेंटिलेटर पालीच्या पुढे बंद पडला आणि सिस्टरांनी मलकापूर ओलांडेपर्यंत अंबू दाबली. घाटातल्या वळणांवर एका हातानं खांब धरायचा, दुसऱ्यानं पिशवी. परतल्यावर बोटं मिटत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती, ती केली.

पैशांवर त्या बोलायला नाखूश होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या जानेवारीत सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली होती. समितीनं म्हटलं की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतका पगार हवा, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली नको. शिफारसच ती. सरकारीतही ठेकेदारामार्फत भरतीचा घाट घातला गेला, त्याविरुद्ध मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. कोविडमध्ये फुलं उधळली गेली, आणि त्याच काळात तीन-तीन महिन्यांच्या करारावर घेतलेल्या मुली साथ ओसरल्यावर घरी गेल्या.

एका विषयावर मात्र त्या आपणहून बोलल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, किमान अकरा रुग्ण गेले. पोलिसांनी अटक केलेल्यांत तीन परिचारिका होत्या. "वायरिंग आम्ही करतो का?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. त्या घटनेनंतर आपल्या वॉर्डातल्या खाटा किती वेळात बाहेर काढता येतील, हे त्यांनी स्वतः चालून बघितलं. दाराला एक खाट अडते. तसं लिहून दिलंय. दार तेवढंच आहे.

मुली टिकत नाहीत, हे त्यांचं खरं दुखणं. वर्ष-दीड वर्षात हात बसतो, अंबू दाबताना चेहरा बदलत नाही, डॉक्टरला रात्री उठवायची भीती जाते, आणि नेमक्या तेव्हा ती मुलगी मुंबईला नाहीतर आखातात जाते. आता जर्मनीही आहे. राज्य सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, कुशल माणसं पाठवायचा, त्यात परिचारिकाही आहेत. सिस्टरांच्या हाताखालची सगळ्यात तयार मुलगी सध्या जर्मन शिकतेय. क्लास संध्याकाळी असतो आणि तिला सारखी दुपारची पाळी लागते. मेट्रननं पाळी बदलून द्यायला नकार दिला, तेव्हा सिस्टरांनी स्वतःच्या सकाळच्या पाळ्या तिला दिल्या. आठवड्यातून तीनदा त्या दुपारी येतात आणि रात्री शेवटची गाडी चुकली तर वॉर्डातल्या चेंजिंग रूममध्येच झोपतात.