लेनॉक्सचे चार ऑगस्ट

विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे एक वाद सुखेनैव चालू आहे: वर्गात बसवून, घंटा वाजवून गवई तयार होतो का? अमेरिकेत हाच वाद पन्नासच्या दशकात जॅझवरून पेटला. तिथेही दोन तट. एक म्हणे, उपज ही शिकवायची गोष्टच नव्हे. ती रात्री-अपरात्री क्लबात थोरांच्या शेजारी उभं राहून, प्रसंगी त्यांच्या शिव्या खाऊन अंगात मुरते. दुसरा म्हणे, ज्याला व्याकरण आहे ते शिकवता आलंच पाहिजे. या वादात दोन्ही तटांची पंचाईत करणारी एक शाळा होऊन गेली. ती फक्त चार वेळा भरली, १९५७ ते १९६०, दर ऑगस्टमध्ये तीन आठवडे.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या टेकड्यांत लेनॉक्स नावाचं गाव आहे. संगीतवाल्यांना ते ठाऊक होतं टँगलवूडमुळे. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचा उन्हाळी मुक्काम तिथे असतो आणि त्याचे तेव्हाचे संचालक कूसेवित्स्की यांनी १९४० मध्ये सुरू केलेली अभिजात संगीताची उन्हाळी शाळाही तिथलीच. तिथून जवळच एका जुन्या इस्टेटीच्या आवारातला तबेला आणि आजूबाजूच्या इमारती फिलिप आणि स्टेफनी बार्बर या न्यूयॉर्कहून आलेल्या जोडप्याने १९५० मध्ये विकत घेतल्या आणि 'म्युझिक इन' नावाचं उतारघर थाटलं. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी नुसतं हवापाणी खाऊन परतू नये, चार शहाणी माणसं बोलताना ऐकावीत, एवढीच मूळ कल्पना. मार्शल स्टर्न्स हे पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक आणि वेडाने जॅझचे इतिहासकार. त्यांनी तिथे परिसंवाद भरवायला सुरुवात केली. १९५१ मध्ये महेलिया जॅक्सन आणि जॉन ली हूकर दोघंही तिथे येऊन गेले. एक गॉस्पेल गाणारी, दुसरा ब्लूज गाणारा. जॅझच्या मुळांबद्दल प्राध्यापकांनी बोलायचं आणि ती मुळं समोरच बसलेली, असा तो मामला.

पुढे 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट' उन्हाळ्यात तिथे मुक्कामालाच येऊ लागलं. या चौकडीचे सूत्रधार पियानोवादक जॉन लुइस. काळे सूट घालून, मंचावर वाकून अभिवादन करून, सिंफनीवाल्यांच्या शिस्तीत वाजवणारी ही मंडळी. जॅझला दारूच्या टेबलांमधून उचलून मैफलीत बसवायचं हा लुइस यांचा ध्यास होता. 'म्युझिक इन'मध्येच ही शाळा निघाली तेव्हा मुख्याध्यापकपद त्यांच्याकडेच आलं. शाळेमागे नुसता ध्यास नव्हता, व्यवहारही होता. तीस-चाळीसच्या दशकांत गावोगाव हिंडणारे मोठे बँड हीच जॅझची गुरुकुलं होती. पंधरा-सोळा जणांच्या बँडमध्ये नवा पोरगा शिरायचा, रोज रात्री वाजवायचा आणि बसमध्ये वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून उरलेलं शिकायचा. युद्धानंतर हे बँड एकामागून एक मोडले. चार-पाच जणांच्या लहान संचात शिकाऊ माणसाला जागा कुठून असणार? शाळा हवी होती ती गुरुकुल मोडल्यामुळे. आपल्याकडे संस्थानं गेल्यावर गवयांचं काय झालं ते आठवलं, की हे लगेच समजतं.

मास्तरांची यादी वाचताना आजही विश्वास बसत नाही. पहिल्या वर्षी ट्रंपेटला डिझी गिलेस्पी, पियानोला ऑस्कर पीटरसन, ड्रम्सला मॅक्स रोच, बेसला रे ब्राउन. विद्यार्थी दरसाल तीस ते पन्नासच्या दरम्यान. प्रत्येकाला स्वतंत्र तालीम, शिवाय लहान संचात वादन, रचनेचा वर्ग आणि इतिहासाची व्याख्यानं. शेवटी विद्यार्थ्यांची जाहीर मैफल. पण वेळापत्रकापेक्षा मोलाची गोष्ट ही, की सगळे एकाच आवारात जेवत-झोपत होते. हे सांगायला सोपं आहे. त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी हॉटेलांत कृष्णवर्णीय वादकाला खोली मिळत नसे. पहिला वर्ग आटोपून काही आठवडेच झाले असतील, तोच लिटल रॉकच्या हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना बसवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य धाडावं लागलं. लेनॉक्समध्ये मुख्याध्यापकच कृष्णवर्णीय, आणि गोरी मुलं फी भरून त्यांच्यापुढे बसली होती.

१९५८ चं वर्ष ठीकठाक गेलं म्हणावं. खरा मजकूर आहे तो १९५९ चा.

त्या वर्षी पियानो शिकवायला बिल एव्हान्स होते. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये पियानो वाजवला तो बहुतांशी त्यांनीच, आणि ती तबकडी बाजारात आली १७ ऑगस्ट १९५९ रोजी, म्हणजे शाळा ऐन भरात असताना. त्या तबकडीमागचा विचार, की कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, भराभर बदलणाऱ्या साखळीऐवजी एकेका स्वरसप्तकात ठाण मांडून बसावं, तो ज्यांनी आधीपासून मांडला होता ते जॉर्ज रसेलही तिथेच रचना शिकवत होते. संगीतकार गंथर शुलर होते, गिटारवादक जिम हॉल होते, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे जिमी जुफ्री होते.

विद्यार्थ्यांत एक मुंबईकर होता. एडवर्ड साल्डान्हा, पण मुंबईच्या जॅझवाल्यांत तो 'डिझी साल'. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने डेव्ह ब्रुबेक यांचा संच पोलंडपासून सिलोनपर्यंत फिरवला, त्या दौऱ्यात मुंबईला ब्रुबेकनी या पोराचा पियानो ऐकला आणि बॉस्टनच्या बर्कली शाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी खटपट केली. मुंबईतल्या त्या काळच्या जॅझवाल्यांची जातकुळी वेगळीच होती. बहुतेक मंडळी गोव्याची. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली, आणि उपज मात्र परदेशी तबकड्या घासून घासून उचललेली. हॉटेलातल्या नोकरीवर भागत नसे, म्हणून दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तल्या (१९५१) गाण्यांत जो झटका आहे, त्यात ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटचा, म्हणजे अँतोनियो शाव्हियर वाझ याचा वाटा मोठा. अशा शहरातून निघालेला माणूस वर्षभरात बिल एव्हान्सच्या आसपास जाऊन बसला, ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही, आणि याचं मला थोडं वाईटच वाटतं. सिनेमातल्या वाद्यवृंदाविषयी आपण आता हौसेने लिहितो, बोलतो. जॅझचा धागा त्यातून सुटून जातो.

डिझी सालच्या वर्गबंधूंमध्ये ऑर्नेट कोलमन होता. टेक्सासचा, वय २९, लॉस एंजेलिसला लिफ्ट चालवून पोट भरलेला. त्याच्याबरोबर डॉन चेरी, हातात खेळण्याएवढा दिसणारा पॉकेट ट्रंपेट. ऑर्नेटचा ऑल्टो सॅक्सोफोन पांढरट प्लास्टिकचा, 'ग्राफ्टन' नावाच्या ब्रिटिश बनावटीचा. पितळी घ्यायला पैसे नव्हते म्हणून घेतलेला, पण मग त्याचा तो कोरडा, माणसाच्या घशासारखा आवाज त्याला आवडूनच गेला. जॉन लुइसनी दोघांना कॅलिफोर्नियात ऐकलं होतं, आणि त्यांना लेनॉक्सला पाठवण्याचा खर्च अटलांटिक रेकॉर्ड्सने उचलला.

आता हा विद्यार्थी शिकणार काय? जॅझची रूढ रीत अशी: एखादी चाल घ्यायची, समजा बत्तीस मात्रागटांची, तिच्याखालच्या कॉर्ड्सचं आवर्तन चालू ठेवायचं आणि त्या आवर्तनात बसेल असा विस्तार करायचा. कितीही भरारी मारा, पंचविसाव्या गटात जी कॉर्ड ठरलीय ती तिथे यायलाच हवी. ऑर्नेट चाल वाजवी, आणि मग हे आवर्तनच सोडून देई. चालीचा भाव धरून तो पुढे जाई. एखादं वाक्य साडेनऊ गटांचं झालं तर झालं, बेसवाल्याने कान देऊन मागे यावं. ठेका पक्का, ब्लूजचा दर्द पक्का, पण समेचा हिशेब ठेवलेला नाही. काहींना हे साक्षात्कारासारखं वाटलं, काहींना निव्वळ बेसूर. ट्रॉम्बोनचे मास्तर बॉब ब्रुकमायर भलतेच वैतागले होते. त्यांचा राग मला अगदीच अनाठायी वाटत नाही. ज्याने वीस वर्षं घासून सूर जागेवर आणलाय, त्याला असं कौतुक बोचणारच.

शिवाय ऑर्नेटचं लिखित संगीताचं ज्ञान मुळातच तिरपागडं होतं. ऑल्टोवर वाचलेला 'सी' प्रत्यक्षात वेगळ्याच स्वरावर उमटतो. लहानपणी एकट्यानेच पुस्तकावरून शिकताना त्याने ही गोष्ट चुकीची समजून घेतली आणि त्या चुकीवर आपला अख्खा संगीतविचार उभा केला. लेनॉक्सनंतर गंथर शुलरनी त्याला न्यूयॉर्कमध्ये काही महिने नियमाने वाचन शिकवलं. शुलर सांगत, की एके दिवशी खरा नियम ऑर्नेटच्या लख्ख ध्यानात आला, त्याला तिथल्या तिथे मळमळू लागलं, तो उठून गेला आणि शिकवणीला परत आला नाही.

शनिवार, २९ ऑगस्ट १९५९ ला समारोपाची मैफल झाली. ऑर्नेट-चेरीच्या संचात पियानोवर स्टीव्ह कून, बेसवर लॅरी रिडली, दोघंही विद्यार्थीच. ऑर्नेटने आयुष्यात पियानोवाला फारसा जवळ केला नाही, त्यामुळे या संचात बिचाऱ्या कूनची जी तारांबळ उडाली असेल तिची कल्पनाच केलेली बरी. समीक्षक मार्टिन विल्यम्स त्या दिवसांत लेनॉक्समध्येच होते. ते न्यूयॉर्कला जाऊन ऑर्नेटची वकिली करू लागले. १७ नोव्हेंबरला 'फाइव्ह स्पॉट' क्लबात ऑर्नेटचा संच उभा राहिला. ठरले होते दोन आठवडे, चालले दहा. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनपासून सगळे ऐकायला येऊन गेले आणि निम्मं शहर उरलेल्या निम्म्याशी भांडलं.

शाळेने ऑर्नेटला घडवलं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. तो घडूनच आला होता. शाळेची करामत उलट दिशेने झाली: तिने आपल्या अभ्यासक्रमात न बसणारा माणूस विद्यार्थी म्हणून घेतला, आणि काही मास्तरच बदलून निघाले. जुफ्री तेव्हा नावारूपाला आलेले, हळुवार लोकधुनांच्या वळणाचं वाजवणारे. ऑर्नेटला ऐकल्यावर त्यांना आपलंच वाजवणं अपुरं वाटू लागलं.

आणि तरी १९६० च्या ऑगस्टनंतर शाळा बंद पडली. कारण नेहमीचंच, पैसा. मास्तर नामांकित, विद्यार्थी थोडे, त्यातले बरेच शिष्यवृत्तीवरचे; हे गणित कुठल्याच संस्थेत सुटत नाही. त्याच उन्हाळ्यात, जुलैच्या सुरुवातीला, न्यूपोर्टच्या मोठ्या जॅझ महोत्सवात तिकिटं न मिळालेल्या, प्यायलेल्या पोरांनी दंगल केली आणि महोत्सव मधेच गुंडाळावा लागला. गर्दी खेचणारा महोत्सव गर्दीने मोडला, आणि गर्दी न खेचणारी शाळा गर्दीवाचून. 'म्युझिक इन' पुढे सत्तरच्या दशकात रॉकच्या मैफलींचं ठिकाण झालं, १९७९ मध्ये तेही थांबलं, आणि आज त्या आवारात राहती घरं आहेत.

लेनॉक्सची पोरं मात्र सगळीकडे पसरली. १९५९ च्या वर्गातला ट्रॉम्बोनवाला डेव्हिड बेकर जबड्याच्या जुन्या दुखण्याने वाद्य सोडून चेलोकडे वळला आणि इंडियाना विद्यापीठात त्याने जॅझचा विभाग उभा केला. शुलर १९६७ मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचे अध्यक्ष झाले, तिथे जॅझला पदवीचा दर्जा मिळवून दिला, आणि लेनॉक्सला उन्हाळ्यात येणाऱ्या रॅन ब्लेकला तिथेच मास्तर केलं. आज जगभर जॅझच्या पदव्या मिळतात त्यात या मंडळींचं देणं मोठं आहे. पण माझा एक आक्षेप आहे. शिकवणं जसं पद्धतशीर झालं, तशी प्रवेशपरीक्षाही पद्धतशीर झाली. वाचन कच्चं, कॉर्ड्सचं आवर्तन पाळत नाही, वाद्य प्लास्टिकचं: असा उमेदवार पहिल्याच फेरीत घरी जाईल, आणि परीक्षकांची त्यात काही चूकही नसेल. याच ऑर्नेटला २००७ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं.

डॉन चेरीची गोष्ट आपल्या अंगणापर्यंत येते. तो पुढे जगभर भटकला, आणि रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे त्याने धृपदाची तालीम घेतली. हे डागर मुंबईचे, पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांनी गुरुकुल उभारलं तेच. ज्याने आवर्तन सोडून देणाऱ्याची साथ केली, तोच मिनिटामिनिटाने एकेक स्वर वाढवणाऱ्या आलापापुढे येऊन बसला, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे घाई नाही.

ऐकायचंच असेल तर जुफ्रीच्या दोन तबकड्या एकापाठोपाठ लावाव्यात. पहिली १९५६ ची, 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट अॅट म्युझिक इन': तीत ते पाहुणे म्हणून क्लॅरिनेट वाजवतात, सगळं नेटकं, इस्त्री केलेलं. दुसरी १९६२ ची 'फ्री फॉल': पॉल ब्ले यांचा पियानो, स्टीव्ह स्वॉलो यांचा बेस, ड्रम्स नाहीतच, आणि काही तुकड्यांत तर क्लॅरिनेट एकटंच. ही दुसरी तबकडी कुणी घेतली नाही. तिघांनी एका कॉफीहाउसात वाजवल्यावर हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेंट आले आणि संच मोडला, असं स्वॉलो सांगतात. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं जुफ्रींची तबकडी काढायला कुणी तयार झालं नाही. पोटापाण्यासाठी ते पुन्हा मास्तर झाले.