जिन्यातले फोटो

२००१ साली पनवेलच्या एसटी स्टँडजवळ मी पहिला कॉम्प्युटर क्लास लावला. जिन्यात नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते, तेच बघून वडिलांनी फी भरली. त्यातल्या एकाला तरी गाठून विचारावं, हे आम्हाला सुचलं नाही. दुसरा हप्ता गेला आणि जावा शिकवणारे सर क्लास सोडून गेले. पुढे दोन महिने आम्ही फळ्यावरचे प्रोग्रॅम वहीत उतरवत बसलो. मशीनवर चालवून बघायची पाळी क्वचितच यायची.

डॉटकॉमची पडझड नुकतीच झाली होती, पण अ‍ॅपटेक, एनआयआयटी ही नावं घरोघरी होती. त्याच वर्षी एमएस-सीआयटी आला. कॉम्प्युटरची भीती घालवण्याचं मोठं काम त्याने केलं. मात्र तो साक्षरतेचा कोर्स. त्यावर प्रोग्रॅमरची नोकरी मिळेल, या आशेने बसलेली मुलं माझ्या ओळखीत होती.

खारघर पनवेलहून हार्बरने तिसरं स्टेशन. तिथल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या डॅक या सहा महिन्यांच्या कॉम्प्युटर पदविकेसाठी आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आज मागे पाहताना मला तोच मोठा फरक वाटतो. जिथे फी भरणाऱ्या कुणालाही घेतात, तिथे तुमची तयारी कुणी तपासलेली नसते.

नंतर ऑनलाइन बूटकँप आले, ‘नोकरी लागल्यावर फी द्या’ म्हणणारे. कल्पना मला खरंच आवडली होती. पण अमेरिकेतल्या लॅम्डा स्कूलवर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने कारवाई केली. ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकरी लागते अशी जाहिरात होती. शाळेचे स्वतःचे आकडे ५० टक्क्यांच्या आसपास, काही बॅचचे तर ३० पर्यंत घसरलेले. जिन्यातले फोटो आता टक्क्यांत आले होते.

गेल्या वर्षी भाचीने एक बूटकँप निवडला. ‘मामा, सोपा ईएमआय आहे,’ म्हणाली. फॉर्म शेवटपर्यंत वाचला, तर ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, तिच्या नावावर. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते चालूच राहणार होते. आम्ही सही केली नाही.

पालकांनो, मागच्या बॅचमधल्या, तुम्ही स्वतः शोधलेल्या दोन मुलांशी बोला. कर्जाचा कागद घरी आणून वाचा. आणि या दोन गोष्टी होईपर्यंत पहिला हप्ता भरू नका.