दुकानाची पाटी कुणाच्या नावावर?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराला हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत विकायच्या असतात. वेबसाइट करून देणाऱ्याला तो फोटो देतो, भाव सांगतो. एक गोष्ट मात्र विचारायची राहते: डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या नावावर नोंदवलं?

इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये आखली. आपण नाव टाइप केलं की ब्राउझर आधी तो आकडा मिळवतो, मगच सर्व्हरकडे जातो. म्हणजे नोंद ज्याच्या हातात, तोच गिऱ्हाईक कुठे पोचणार हे ठरवतो. सर्व्हर बदलता येतो, साइट नव्याने बांधता येते. पण पेट्यांवर छापलेलं नाव हातचं गेलं, तर परत मिळवणं फार कठीण. शिवाय ते कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठीच मिळतं. नूतनीकरण राहिलं, तर दुसरा कुणीही ते घेऊ शकतो. म्हणून नोंदणी स्वतःच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर करा, हा माझा आग्रह. ‘.भारत’ लावून देवनागरीतही नाव घेता येतं.

पैशांचं काम पेमेंट गेटवेवर सोपवावं. ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवायला रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना मनाईच केली आहे. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं, की माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. विक्रेता खरा असल्याची ती हमी नव्हे. त्यासाठी साइटवर आपला पूर्ण पत्ता, फोन आणि तक्रार कुणाकडे करायची ते ठळक लिहावं.