असं का? : थंडीत तेल गोठलं म्हणजे भेसळ?

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की प्रश्न येतोच: घाणीवरून आणलेलं शेंगदाण्याचं तेल गढूळ झालंय, पामतेल मिसळलंय का?

तेलाचे काही रेणू सरळ, काही वाकडे. झाडूच्या सरळ काड्या पटकन जुडी होऊन बसतात, वाकड्या बसत नाहीत. पामतेलात सरळ जास्त, म्हणून ते लवकर घट्ट होतं. जवसात वाकड्यांची गर्दी. आपल्या थंडीला ते जुमानत नाही. शेंगदाणा मधला. जवसाचं तेल गोठलं तर संशय घ्या. शेंगदाण्याला फ्रिजची परीक्षा लावणं अन्याय आहे.

वास हा पुरावा कच्चा. रिफाइंड तेलाचा वास कडक वाफेने काढतात, पण वरून अर्क घालता येतो. गाळ आणि फेस मात्र बोलके. घाणीच्या तेलात दाण्याचा चिकट अंश राहतो. तोच काही दिवसांत तळाशी बसतो, तापवताना फेसाळतो. रिफाइंडमध्ये तो काढूनच टाकलेला असतो.

शेवटची कसोटी भावाची. नागपूरजवळच वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग संघाने बैलघाणी सुधारली, ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. तरी गणित बदललं नाही: किलोभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. ढेपेचे पैसे वजा करूनही तेल दाण्यांपेक्षा स्वस्त पडत असेल, तर बाटली परत ठेवा.