बोटात लपलेला श्वास

2020-21 च्या कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर सोलापुरात आमच्या फ्रिजवर अजून पडलाय. बोटात लाल नि इन्फ्रारेड प्रकाश सोडून तो नाडी, ऑक्सिजन सांगतो. आणि श्वास? तोही त्याच लहरीत लपलेला! श्वास घेताना नाडी जराशी पळते, सोडताना मंदावते. काही स्मार्टवॉच झोपेत तुमचे श्वास मोजतात, ते यावरूनच.

गंमत पुढे आहे. हा चढउतार तरुणपणी ठसठशीत, वयाबरोबर फिका. ठोके अनियमित असतील, तर हिशोबच कोलमडतो. म्हणजे तुमच्यावर मस्त चालणारं गॅजेट, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या आजोबांवर नेमकं अडखळू शकतं! त्यांच्यासाठी साधं काट्याचं घड्याळ घ्या. ते निवांत बसले असताना, न सांगता, पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजा. मोठ्यांमध्ये 12 ते 20 नॉर्मल. सतत जास्त भरले, तर ऑक्सिजन 97 दिसला तरी डॉक्टरांना फोन लावा.